लाल दोऱ्याचं वांगं

“थांबवा... अहो, थांबवा ते! दोरा आहे त्याला. दोरा!”

कपाशीच्या ओळींमधून, चपला हातात घेऊन, कुमुदताई ओरडत धावत येत होत्या. सत्तरीला टेकलेली बाई. जळगावच्या एका दवाखान्यात जन्मभर परिचारिका होत्या आणि त्यांच्या एका हाकेसरशी पन्नास खाटांवरचं कण्हणं बंद व्हायचं, असं मी हल्ली लोकांना सांगतो. तेव्हा मात्र मी त्यांना ओळखतही नव्हतो. मी जाळासमोर उभा होतो, तोंडाला काजळी, हातात लांब काठी, आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर शेवटची नऊ वांगी तडतडत होती. त्यांच्या देठांना बांधलेला लाल दोरा पेटला, मुंगळ्यासारखा आकसला आणि राख झाला. मी हसून म्हणालो, “ताई, घाबरू नका, दोरा काढूनच वाढणार. आबांनी खास तुमच्यासाठी राखली होती ही.”

त्या मटकन बांधावर बसल्या. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग विचारलं, “सगळी तोडली?”

मी छाती काढून सांगितलं, “सगळी. नऊच्या नऊ.”

“बियाण्याची होती ती,” कुमुदताई म्हणाल्या.

हिरामण आबाला जाऊन तो चौथा दिवस होता.

आता हे सांगणारा मी कोण, तर भडगावात बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गेली तीस वर्षं अख्खा तालुका माझ्या काचेवर पालथा पडलाय. जन्माचे दाखले, सातबारे, जोडप्यांच्या पत्रिका, एकमेकांवर केलेले अर्ज. माझं पहिलं मशीन असं गरजायचं की त्या धसक्यानं गिरणा नदीपलीकडच्या म्हशी दूध चोरायच्या. सगळे मला नाना म्हणतात. मी बोलायला लागलो की लोक चहा सांगतात, कारण गोष्ट लांबणार हे त्यांना ठाऊक असतं. एकटा हिरामण आबा असा होता, की मी वाक्य संपवलं की तो शांतपणे म्हणायचा, “नाना, तुन्हं बोलनं पाचनी भागनं पडस.” म्हणजे माझं बोलणं पाचाने भागून घ्यावं लागतं. मी पंचवीस माणसं म्हणालो तर त्याने पाच धरायची, मी हत्ती म्हणालो तर त्याने गाढव धरायचं. वाचकांनी हा लेखही तसाच भागून घ्यावा, माझी हरकत नाही. फक्त त्या जाळाच्या रविवारचं काही भागू नका. त्यात मी एक दाणा वाढवलेला नाही.

आबाचं वावर गिरणेच्या काठाला, भडगावहून सात-आठ किलोमीटरवर. अडीच एकर. त्यात कपाशी, थोडी ज्वारी, आणि विहिरीला लागून भरिताच्या वांग्यांचा एक तुकडा. ही वांगी त्याच्या आईच्या माहेराहून आली. हिरवट पांढरी, गुळगुळीत, आणि भाजली की सालाचा पदर असा सुटायचा की जणू वांग्यानेच अंगरखा काढून ठेवला. आकाराचं तर विचारूच नका. एकदा आबा एक वांगं टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीने जळगावला निघाला, तर कंडक्टरने त्याचं हाफ तिकीट फाडलं. हे मी वीस वर्षं सांगतोय. आबाचं म्हणणं एवढंच, की कंडक्टरने टोपली मागच्या सीटखाली ठेवायला सांगितली होती.

बाजारात या वांग्याला फार भाव नव्हता. नाजूक माल, लांब जात नाही, दुसऱ्या दिवशी सुरकुततो. आजूबाजूच्या सगळ्यांनी नवीन जाती लावल्या. आबाला लोक सांगून थकले. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि पुढच्या वर्षी तेच लावायचा. त्याच्यापुढे प्रश्न एवढाच होता, की हे वांगं खाणारी माणसं कुठून आणायची. आणि त्याने जो उपाय काढला तो अख्ख्या खान्देशात कुणाच्या बापाला सुचला नसता. त्याने पत्र लिहायला सुरुवात केली.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी तो दुकानात आला आणि वहीचा एक कागद त्याने काचेवर ठेवला. दोन्ही बाजूंनी लिहिलेला, अक्षर मोत्याचं नाही पण मुगाच्या दाण्याएवढं सारखं. वर लिहिलं होतं ‘वावरचं पत्र’. म्हणाला, याच्या वीस प्रती काढ. मी काढल्या. कुणाला पाठवतोस म्हणून विचारलं, तर म्हणाला, ज्यांनी एकदा तरी माझं वांगं नेलं त्यांना. महिन्याला एक पत्र. वावरात काय उगवलं, काय मेलं, कुठली कीड आली, विहिरीला किती हात पाणी. वर्गणी म्हणजे पोस्टाची तिकिटं आणि वर्षातून एक उत्तर. उत्तर नाही आलं तर पत्र बंद. विसाचे पन्नास झाले, पन्नासाचे शंभराच्या पुढे गेले. जळगाव, धुळे, चाळीसगाव... निवृत्त मास्तर, बँकेतले लोक, एक शिंपी, एक तर न्यायालयातला शिरस्तेदार. शेतीशी ज्यांचा संबंध फक्त ताटात, अशी माणसं आबाच्या माव्याची आणि तुडतुड्यांची बातमी घरच्या आजारपणासारखी वाचायला लागली.

आणि नुसतं वाचून थांबले नाहीत. एका वर्षी फेब्रुवारीत गारा पडल्या. वांग्याच्या झाडांना पान शिल्लक राहिलं नाही, कपाशीचा चिखल झाला. आबाने पत्रात दोनच ओळी लिहिल्या, की गारा पडल्या, या महिन्यात सांगण्यासारखं काही नाही. पुढच्या रविवारी अठरा माणसं जळगावहून आली. मी अठरा म्हणतोय, भागू नका. आयुष्यात खुरपं न धरलेली. दिवसभर मोडक्या फांद्या छाटत बसली. संध्याकाळी त्यांच्या हाताला फोड, आणि आबा एकेकाच्या तळहाताला खोबरेल लावत फिरला. त्याच रविवारची आठवण म्हणून दर वर्षी थंडीत वाचकांना शेतावर भरीत खायला बोलवायची रीत पडली. पत्रातच तारीख असायची. त्या दिवशी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, कांद्याची पात, आणि काठवटीत मुसळाने कुटलेलं भरीत. मी दर वर्षी त्या दिवशी जाळाशी उभा राहायचो. भाजायचं काम माझं. वांगी तोडून आणायचं काम आबाचं, तिथे तो कुणाला फिरकू द्यायचा नाही.

पत्रांच्या प्रती काढायला तो आला की माझ्या दुकानातल्या बाकावर दोन-दोन तास बसायचा. घड्या घालायचा, पत्ते लिहायचा. वैशाखातल्या पत्राला एक कागदाची पुडी टाचायचा. पुडीत वांग्याचं बी. त्याचं म्हणणं, बी एका घरात राहिलं की त्याचा मालक उंदीर. ते शंभर घरांत ठेवलं तर निदान एका घरी मांजर असेल. वाचकांनी त्यातलं अर्धं कुंडीत लावायचं, अर्धं सांभाळायचं, कधी आबाच्या वावरावर वेळ आली तर तिथून परत यायचं. शेवटी एक प्रत माझ्यासमोर ठेवायचा. “वाचक नंबर एक,” म्हणायचा. मीही ती कपाळाला लावून घ्यायचो.

...आणि मशीनच्या वर फळीवर कागदाच्या रिमचं एक रिकामं खोकं होतं, त्यात टाकून द्यायचो.

हे लिहायला जड जातंय, पण लिहितो. अकरा वर्षांत मी त्यातलं एकही पत्र वाचलं नाही. आमच्या धंद्याचं एक तत्त्व आहे, कागद बघायचा, वाचायचा नाही, असं मी लोकांना ऐटीत सांगतो. गिऱ्हाइकाच्या गुपितांची राखण. खरं कारण इतकं मोठं नाही. मला वाटायचं, जो माणूस नेहमी समोर बसतो त्याचं लिहिलेलं काय वाचायचं? मला सगळं तोंडी ठाऊक आहे. वाचकांना मी आबाबद्दल भाषणं द्यायचो. धुळ्याच्या एका वाचकाला मी तासभर आबाच्या शेतीचं तत्त्वज्ञान समजावलं होतं. तो बिचारा नुसता ऐकत होता, मधूनच हसत होता. त्याने सगळी पत्रं वाचलेली होती.

त्या गुरुवारी सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. आबाच्या शेजारच्या वावरातल्या पंडितचा फोन आला. त्याने एवढंच सांगितलं, “नाना, आबा बांधवर बठेल शे... उठत नई.” मी म्हणालो, अरे बसू दे की, दमला असेल. तो पुन्हा तेच म्हणाला, त्याच आवाजात. बठेल शे, उठत नई. मी दुकानाचं शटरही न ओढता गाडीला किक मारली. लोक सांगतात, मी जाताना तोंडाने काहीतरी बडबडत होतो.

आबा खरंच बसलेला होता. वांग्यांच्या तुकड्याच्या कडेला, कडुलिंबाच्या खोडाला पाठ टेकून, पाय लांब करून. उन्हं कोवळी होती. डोळे अर्धवट मिटलेले, जसा तो माझ्या गोष्टी ऐकताना मिटायचा. उजव्या हातात लाल दोऱ्याचं रीळ होतं आणि दोरा रिळातून सुटून समोरच्या झाडापर्यंत गेलेला होता. त्याची बायको, केसरवहिनी, चहाचा तांब्या घेऊन आल्या होत्या, तो तसाच बाजूला ठेवलेला. वहिनी रडत नव्हत्या. त्या दोरा गुंडाळत होत्या, हळूहळू, रिळावर परत. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, आबा, ऊठ. माझ्या आयुष्यात मी एवढं लहान वाक्य क्वचितच बोललो असेन.

त्याची मुलगी धुळ्याहून दुपारपर्यंत आली. संध्याकाळी गिरणेकाठी सगळं उरकलं. तिथे कुणीतरी दोन शब्द बोलायचे असतात. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी बोललो. माझ्या डोळ्यासमोर ते रीळ होतं. मी म्हणालो, “येत्या रविवारी वाचक जेवायला येणार म्हणून हा माणूस शेवटच्या घटकेला त्यांच्यासाठी वांगी निवडत होता. सगळ्यात उत्तम वांग्यांना लाल दोरा बांधून ठेवत होता. मरता मरता ज्याने पाहुणचार केला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.” माणसं ढसाढसा रडली. मीही रडलो. हे मी तिथे उभ्या उभ्या रचलं होतं, पण रचताना मला ते रचलेलं वाटलं नाही. बोललो आणि बोलल्याबरोबर ते खरं झालं. इतकी वर्षं माझ्या प्रत्येक वाक्याला पाचाने भागणारा माणूस समोर होता, पण लाकडांवर. त्या दिवशी भागायला कोणी नव्हतं. वहिनी तर घरीच होत्या, बायका नदीवर येत नाहीत. त्यांनी ऐकलं असतं तर तिथेच मला गप्प केलं असतं.

आणि रविवारी सकाळी दोन गाड्या आल्या.

कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. पत्रं सोमवारीच पोस्टात पडली होती, रविवारच्या आमंत्रणासकट. वाचकांचे पत्ते आबाच्या वहीत होते, फोन नंबर त्याने कधी ठेवले नाहीत, पत्राने काम होतं म्हणायचा. राख सावडणं, येणारे-जाणारे, या सगळ्यात आम्ही सगळेच वाचकांना विसरून गेलो. गाड्या वावराच्या तोंडाशी थांबल्या आणि त्यातून टोप्या घातलेली, पाण्याच्या बाटल्या घेतलेली, हसणारी माणसं उतरली. कुणीतरी घरून तिळाचे लाडू आणले होते. एका चष्मेवाल्या मास्तरांनी मला विचारलं, “तुम्ही नाना ना? वाचक नंबर एक? आबा कुठायत?”

मी तोंड उघडलं. मी फक्त लिंबाच्या झाडाकडे बोट केलं. तिथे कोणी नव्हतं. खोडाजवळ हळदकुंकू वाहिलेला एक दगड होता. तो पाहून माणसं एकामागोमाग एक गप्प होत गेली, जसं कोणी मशीनची बटणं बंद करत यावं. मास्तर मागे वळले आणि गाडीत जाऊन आपल्या जागेवर बसले. लाडवांचा डबा धरलेली बाई तो कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे बघत राहिली. शेवटी एकजण म्हणाले, आम्ही निघतो, आमचं चुकलं. चुकलं काय होतं त्यांचं?

मी घरात जाऊन वहिनींना सांगितलं, लोक परत चाललेत. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्यास्नी बलावेल मानसं शेतस. भुक्यापोटी धाडू नका.”

त्याने बोलावलेली माणसं. बस, मला तेवढं पुरे होतं. घरात सुतक असलं तरी वावरात सुतक नसतं, असं शास्त्र मी तिथल्या तिथे तयार केलं आणि एवढ्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या चार घरांतून भाकऱ्या आल्या. टोपली घेतली आणि वांग्यांच्या तुकड्यात शिरलो. पहिल्यांदाच. इतकी वर्षं आबाने मला तिथे येऊ दिलं नव्हतं. जे मोठं दिसेल ते तोडत गेलो, ओळीमागून ओळ. आणि मग ती दिसली, लाल दोऱ्याची. एकेक अशी की हातात मावेना. मी तिथे एकटाच रडलो. म्हटलं, आबा, बघ, तू राखून ठेवलेली तुझ्या माणसांच्याच ताटात पडतील. नऊ तोडली. सगळ्यात शेवटी भाजायला ठेवली, कारण चांगलं शेवटी वाढायचं असतं.

पुढचं तुम्हाला सांगून झालंय.

कुमुदताई आबाच्या वाचकांपैकी, पण या जेवणाला पहिल्यांदाच आलेल्या; त्यांनी मला बांधावर बसवून, इंजेक्शन देण्याआधी रुग्णाला समजावतात त्या आवाजात, सगळं सांगितलं. आबाच्या वावरात सगळी झाडं त्याच्या मूळ जातीची नसायची. आजूबाजूच्या नव्या जातींचे परागकण येऊन काही झाडं दर वर्षी मिसळून जायची. अख्ख्या तुकड्यात खरी, आईच्या माहेरची म्हणावी अशी झाडं आठ-दहाच. ती फक्त आबा ओळखायचा. त्यांच्यावरचं एकेक वांगं दोरा बांधून सोडून द्यायचा, पिवळं पडून पिकेपर्यंत. दोरा म्हणजे त्या झाडाची खूण. आणि यंदा पावसात पहिलं रोप सडून गेलं म्हणून त्याने घरातलं होतं नव्हतं ते सगळं बी दुसऱ्यांदा टाकलं होतं. घरात एक दाणाही शिल्लक नव्हता. हे सगळं पत्रात होतं. दोऱ्याचं तर चार वेळा आलं होतं.

“तुम्ही पत्र वाचत नाही का?” त्यांनी विचारलं.

“ताई, मी ते छापतो,” मी म्हणालो. त्यांना ते उत्तर पटलं. किंवा त्यांनी पटवून घेतलं.

आम्ही दोघं त्या तुकड्यात फिरलो. झाडं उभीच होती, हिरवीगार, सगळी सारखी. मी सगळीकडून तोडलं होतं त्यामुळे ताजे तुटलेले देठ सगळीकडेच होते. कुठल्या झाडावरून दोऱ्याचं वांगं आलं, मला एकही आठवेना. तिकडे जाळाशी माणसं जेवत होती. भरीत उत्तम झालं होतं. कोणीतरी म्हणालं, यंदाच्यासारखं कधी झालं नाही. मी त्यातला घास खाऊ शकलो नाही, आणि हे सांगायला माझ्याकडे कुठलंही सजवलेलं वाक्य नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी आबाची पत्त्यांची वही घेऊन निघालो. वाचकांकडे पुड्या होत्या. आबाने शंभर घरांत बी ठेवलं होतं ते याच दिवसासाठी. जळगाव, मग चाळीसगाव, मग धुळे. पंधरा दिवसांत मी एवढे जिने चढलो की खाली उतरल्यावरही पाय चढतच राहायचे. लोकांनी मला चहा पाजला, आबाची पत्रं दाखवली, फायलीत लावलेली, प्लास्टिकमध्ये घातलेली. एका शिंप्याने गारांच्या पत्रातल्या त्या दोन ओळी मला तोंडपाठ म्हणून दाखवल्या आणि शिवणयंत्रावर डोकं ठेवलं. पण बी? शिंप्याने सगळं कुंडीत लावून टाकलं होतं. बँकेतल्या साहेबांची पुडी दिवाळीच्या साफसफाईत गेली. एका आजीबाईंनी लेकीबरोबर परदेशी पाठवली, तिथे म्हणे वांग्याला थंडी लागली. धुळ्याच्या मास्तरांनी देवघरात चांदीच्या डबीत जपली होती. मोठ्या मानाने डबी उघडली, आत भुसा होता. पोरकिड्यांनी प्रसाद संपवला होता. कुमुदताईंच्या गच्चीवर झाडं होती, त्यांना त्यांनी दोरेसुद्धा बांधले होते, पण त्या स्वतःच म्हणाल्या, “शेजारच्या गच्चीवर रोपवाटिकेतली वांगी आहेत. माझी आता शुद्ध राहिलेली नाहीत.” परिचारिकेने रुग्णाचं खरं सांगावं तसं सांगितलं. सगळ्यांनी प्रेम केलं होतं. प्रत्येकाला वाटलं होतं, अर्धं सांभाळायचं काम बाकीचे करत असतील.

परत आलो तेव्हा माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं. गिऱ्हाइकं विचारायची, नाना, बरं नाही का? एका दुपारी वाटलं, वाचकांना निरोपाचं एक शेवटचं पत्र तरी पाठवू, त्याचंच एखादं जुनं पत्र वर लावून. म्हणून फळीवरचं खोकं खाली काढलं. धुळीचा थर असा की त्यात ज्वारी पेरता आली असती. उघडलं. अकरा वर्षांची पत्रं, घडीसुद्धा न मोडलेली. आणि दर वैशाखाच्या पत्राला टाचलेली, कधीच न उघडलेली पुडी. मशीनच्या उबेत, कोरडी ठणठणीत. अकरा.

मी कुमुदताईंना फोन केला. त्या पुढच्याच गाडीने आल्या. माझ्या काउंटरवर त्यांनी पुड्या ओळीने मांडल्या, एक उघडली आणि तिच्याकडे बघतच राहिल्या. “आमच्या पुडीत मोजून दहा-बारा बिया असायच्या,” त्या म्हणाल्या. “तुमच्यात चमचाभर आहे.” दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळ्या तशाच फुगलेल्या. प्रत्येक वर्षाच्या दहा-दहा बिया त्यांनी ओल्या पट्टीत गुंडाळून, वर वर्ष लिहून, घरी नेल्या. आठ-दहा दिवस झाले. मग एका सकाळी फोन आला. जुन्यांतलं काही आलं नाही, पण शेवटच्या चार वर्षांचं बी फुटलं होतं. पांढरे शुभ्र कोंब. सांगताना त्यांचा आवाज हलला. तो एवढा मोठा आवाज.

त्या आठ-दहा दिवसांत मी दुपारी शटर अर्धं ओढून पत्रं वाचली. सगळी, पहिल्यापासून. माझं नाव एकदाच आलंय, ‘नानाच्या दुकानात नवा पंखा बसला, कागद उडतात.’ बाकी सगळं वावर. एका पत्रात दोऱ्याबद्दल असं आहे, ‘दोरा बांधला की त्या वांग्याला मी स्वतःही हात लावत नाही. ते आता माझं नाही.’ हे वाक्य माझ्या काचेवरून गेलं होतं. मी त्याच्या शंभरावर प्रती काढल्या होत्या.

गेल्या आठवड्यात पुड्या घेऊन वावरात गेलो. केसरवहिनी लिंबाखाली बसून बाजारासाठी वांगी निवडत होत्या. ते लाल दोऱ्याचं रीळ खोडाच्या एका फाट्यावर अडकवलेलं होतं, गुरुवारी त्यांनी गुंडाळलं होतं तसंच. मी पुड्या त्यांच्यासमोर ठेवल्या. मग सगळं सांगितलं, काही न वाढवता. नदीवर काय बोललो ते. नऊ वांगी कशी तोडली ते. शंभर घरं फिरलो ते. आणि शेवटी तेही, की वहिनी, तो मला वाचक नंबर एक म्हणायचा, पण अकरा वर्षांत मी त्याचं एकही पत्र उघडून पाहिलं नाही.

वहिनींनी एक पुडी तळहातावर घेऊन तिचं वजन पाहिलं. मग ती पदराच्या टोकात बांधली आणि पुढचं वांगं उचललं.

“त्यास्ले माहीत व्हतं,” त्या म्हणाल्या.